क्वाड गाड्या व सरकारी निर्बंध : शेतकऱ्यानें कोणती बाजू घ्यावी ?

सरकारनें एखाद्या वस्तूवर निर्बंध घातला कीं शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडावी असाच त्याचा आजवरचा अनुभव आहे. बाजाराचे कायदे, जंगलाचे कायदे, पाटाच्या पाण्याचे कायदे ह्यांचा जाच ज्यानें पिढ्यान्पिढ्या सोसला, त्याला 'तुमच्या हिताकरितां' हे शब्द ऐकूनच धास्ती वाटते. तथापि सर्वच निर्बंध एका मापानें मोजणें बरोबर नव्हे. कांहीं निर्बंध शेतकऱ्याच्या गळ्याभोंवतीं पडतात, तर कांहीं त्याला माल विकणाऱ्या कारखानदाराच्या गळ्याभोंवतीं पडतात. ह्या दोहोंतील भेद ध्यानांत घेतला नाहीं तर काय होतें आणि घेतला तर काय साधतें, ह्याचें परदेशांतील एक ठळक उदाहरण आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. तें उदाहरण म्हणजे रस्ता सोडून रानांतून, वाळूंतून व चढउतारांवरून धांवणाऱ्या, मूळच्या मौजेच्या पण पुढें शेतीच्या कामास लागलेल्या 'क्वाड' नांवाच्या चारचाकी गाड्यांचें होय.

प्रथम ही गाडी कशी असते तें पाहूं. मोटारसायकलीसारखें हँडल, घोड्यावर बसावें तशी मांड ठोकून बसण्याची बैठक, हवा कमी भरलेले फुगीर व रुंद टायर, आणि वजन सामान्यतः तीनशें किलोच्या आसपास. जपानच्या होंडा कंपनीनें सन १९७० मध्यें अमेरिकेंत अशी तीन चाकांची गाडी विक्रीस आणली. त्या वेळीं ती निव्वळ करमणुकीची वस्तु होती. पुढें १९८० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत सुझुकी कंपनीनें चार चाकांची गाडी काढली, आणि थोड्याच काळांत तिनें तीनचाकीस मागें टाकलें. पशुपालकांना तर ती फारच सोयीची वाटली. गुरें वळणें, दूरवरचें कुंपण पाहून येणें, तणनाशक फवारणें, आजारी वासरूं उचलून आणणें, हीं कामें घोड्यानें करण्याऐवजीं ह्या गाडीनें होऊं लागलीं. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील मोठमोठ्या कुरणांवर तर ती शेतीच्या अवजारांतच जमा झाली.

परंतु मेख गाडीच्या बांध्यांतच आहे. तिच्या चाकांमधील अंतर थोडें आणि भार उंचावर. कडब्यानें उंच भरलेली बैलगाडी आडव्या उतारावर नेतांना आपले वाडवडील जी काळजी घेत, तीच काळजी येथें हरघडी घ्यावी लागते. फरक एवढाच कीं बैल दचकून थांबतो, हें यंत्र थांबत नाहीं. चालविणाऱ्यानें वळतांना व चढतांना आपलें अंग पुढेंमागें, डावीउजवीकडे झुकवून तोल राखावा अशी तिची रचना आहे. बैठक लांब असते ती ह्याचकरितां. दुसऱ्या माणसास मागें बसतां यावें म्हणून नव्हे. हें न समजल्यामुळें मागें बायको किंवा मूल बसविलें जातें आणि तोल जातो. फवारणीची टांकी अर्धी भरलेली असली तर पाणी एका अंगास लोटतें आणि गाडी त्याच अंगास कलंडते. गाडी उलटली म्हणजे माणूस दूर फेंकला गेला तर नशीब. तो खालीं सांपडला तर छातीवर तीनशें किलोंचें ओझें पडून श्वास कोंडतो. ह्या अपघातांचा शोध घेणाऱ्यांना पुष्कळदां असें आढळलें आहे कीं, मेलेल्या माणसाचें एकही हाड प्राणघातक रीतीनें मोडलेलें नव्हतें. तो केवळ दबून राहिला, आणि दूरच्या रानांत त्याला सोडवावयास कोणी आलें नाहीं. शेतावर एकट्यानें काम करणाऱ्या माणसाला ह्याहून भयंकर मरण कोणतें ?

आतां सरकारांनीं काय केलें तें पाहूं. अमेरिकेंत विक्रीच्या वस्तूंपासून ग्राहकांना इजा होऊं नये म्हणून सन १९७२ च्या कायद्यानें एक स्वतंत्र आयोग स्थापन झाला. तीनचाकी गाड्यांवर लहान मुलें मरूं लागलीं तेव्हां ह्या आयोगाच्या वतीनें सन १९८७ च्या डिसेंबरांत सरकारनें मुख्य कंपन्यांवर फिर्याद गुदरली, आणि एप्रिल १९८८ मध्यें न्यायालयाच्या संमतीनें तडजोडीचा हुकूमनामा झाला. कंपन्यांनीं नव्या तीनचाकी गाड्या विकूं नयेत. मोठ्या इंजिनाच्या गाड्या सोळा वर्षांखालील मुलांकरितां विकूं नयेत. गाडीवर धोक्याच्या सूचना चिकटवाव्या. खरेदीदारास फुकट शिक्षण द्यावें. अशीं कलमें दहा वर्षांकरितां ठरलीं.

परिणाम काय झाला ? जें कलम यंत्राच्या बांध्यासच हात घालणारें होतें तें पक्कें लागू पडलें. तीनचाकी गाडी बाजारांतून नाहींशी झाली. बाकीचीं कलमें सूचनेचीं व उपदेशाचीं होतीं. त्यांचा जोर प्रथम दिसला, मग ओसरला. दुकानदारानें मुलाच्या नांवावर मोठी गाडी विकूं नये हें खरें; पण बापानें आपल्या नांवावर ती घेतली आणि बारा वर्षांच्या मुलाच्या हातीं दिली, तर त्यास आडवें कोण येणार ? जखमींची संख्या कांहीं वर्षें घटून पुन्हा चढूं लागली, आणि सन २००७ च्या सुमारास एका वर्षांत इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या अशा जखमींची अंदाजी संख्या दीड लाखांच्या घरांत गेली. त्यांत सुमारें चतुर्थांश मुलें सोळा वर्षांखालील होतीं. शिवाय हुकूमनामा मूळच्या कंपन्यांपुरता होता; पुढें परदेशांतून स्वस्त गाड्या आणणारे नवे व्यापारी आले, ते त्यानें बांधलेले नव्हते. अखेर सन २००८ च्या कायद्यानें पूर्वीं ऐच्छिक असलेलें मान सर्वांवर सक्तीचें केलें आणि नव्या तीनचाकी गाड्यांचा दरवाजा सर्वांना बंद केला.

ह्याच कायद्याच्या दुसऱ्या एका कलमाची गोष्ट मोठी बोधप्रद आहे, आणि निर्बंधांचा कैवार घेणाऱ्यानें ती लपवूं नये. मुलांच्या वस्तूंत शिसें असूं नये ह्या चांगल्या हेतूनें त्यांत शिशाचें प्रमाण ठरविलें होतें. मुलांकरितां बनविलेल्या छोट्या क्वाड गाड्यांच्या बॅटरीच्या टोंकांत व टायरच्या पितळी तोट्यांत त्याहून जास्त शिसें होतें. गाडीची तोटी कोणी मूल चघळत बसत नाहीं. तरी सन २००९ मध्यें कायद्याच्या अक्षरापुढें दुकानदारांनीं छोट्या गाड्या कुलुपांत घातल्या. मग मुलें गाडीवर बसावयाचीं थांबलीं काय ? तीं मोठ्यांच्या गाडीवर बसूं लागतील, आणि तो धोका शिशाच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे, ही भीति खुद्द आयोगासच वाटली. त्यानें त्याच वर्षीं अंमलबजावणी थांबविली, आणि सन २०११ मध्यें विधिमंडळानें ह्या गाड्यांना त्या कलमांतून वगळलें. तात्पर्य, कायदा करणाऱ्यानें वस्तु पाहिलीच पाहिजे, पण ती वस्तु वापरणारा माणूसहि पाहिला पाहिजे.

आतां ऑस्ट्रेलियाकडे वळूं, कारण तेथें प्रश्न मौजेचा राहिला नव्हता. तो शेतकऱ्यांच्या घरचा झाला होता. सन २०११ पासूनच्या आठ वर्षांत त्या देशांत क्वाड गाड्यांच्या अपघातांनीं शंभराहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांतील पुष्कळ अपघात शेतांवर झाले. न्यू साऊथ वेल्स विद्यापीठांतील संशोधकांनीं निरनिराळ्या गाड्या तिरक्या फळीवर कलवून, वळणांवर चालवून, त्या कोठें उलटतात तें मोजलें. त्यानंतर तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगानें दीर्घ चौकशी केली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्यें सरकारनें सुरक्षिततेचें सक्तीचें मान जाहीर केलें. तें दोन हप्त्यांनीं लागू झालें. ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक नव्या गाडीवर ती किती अंशांच्या उतारावर कलंडूं लागते हें सांगणारी चिठ्ठी लटकविणें व उलटण्याच्या धोक्याची सूचना लावणें आवश्यक झालें. ऑक्टोबर २०२१ पासून सामान्य कामाच्या प्रत्येक नव्या गाडीस मागील बाजूस माणसाचा बचाव करणारी मजबूत कमान असली पाहिजे, आणि गाडी आडव्या अंगास सुमारें २९ अंशांच्या आंत कलंडतां कामा नये, असा नियम झाला. कमानीचा उपयोग असा कीं गाडी उलटली तरी ती जमिनीपासून थोडी अधांतरी राहते, आणि खालच्या माणसाला श्वास घेण्यास व सरकून बाहेर पडण्यास जागा मिळते.

कारखानदारांनीं ह्या नियमास कडाडून विरोध केला. कमानच चालकावर आदळेल. दोष यंत्राचा नसून बेपर्वा चालकाचा आहे. शिरस्त्राण व शिक्षण हेच खरे उपाय. असें त्यांचें म्हणणें पडलें. आयोगानें उभयपक्षांचा पुरावा पाहून कमानीचा फायदा तिच्या धोक्याहून अधिक आहे असा निर्णय दिला. तेव्हां होंडा, यामाहा, पोलारिस ह्यांसारख्या नामांकित कंपन्यांनीं त्या देशांत क्वाड गाड्या विकणें बंद करण्याचें ठरविलें. पण लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं तेथील शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघानें ह्या वादांत कारखानदारांची बाजू घेतली नाहीं. त्यानें कमानीच्या सक्तीस उघड पाठिंबा दिला. ज्यांच्या सभासदांचीं प्रेतें शेतांतून उचललीं जात होतीं, त्यांना आपलें हित कोठें आहे हें कळलें होतें. आणि कंपन्या गेल्यानें शेतीचें काम अडलें असेंहि झालें नाहीं. दुसऱ्या कांहीं कंपन्यांनीं कमान बसविलेल्या गाड्या विकावयास ठेविल्या, आणि पुष्कळ शेतकरी शेजारीं शेजारीं दोन आसनें, पट्टे व वर पिंजरा असलेल्या निराळ्या प्रकारच्या गाड्यांकडे वळले.

ह्या सर्व वादांत जे आक्षेप निघाले ते आपल्याकडेहि ऐकूं येतात. म्हणून त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, अपघात चालकाच्या चुकीनें होतो, मग कारखानदारास शिक्षा कां ? चूक होते हें कबूल. पण दिवसभर राबून थकलेला, संध्याकाळीं चुकार गाय शोधावयास निघालेला माणूस चूक करणारच. चुकीबद्दल कपडे फाटावे, फार तर हात मोडावा. एका चुकीस देहदंड असूं नये. जें यंत्र माणसाच्या नेहमींच्या चुकीस मरणाची शिक्षा देतें, तें यंत्र सदोष आहे असेंच म्हटलें पाहिजे. शिरस्त्राण अवश्य घालावें, पण डोक्यावरील शिरस्त्राणानें छातीवरचें ओझें उचललें जात नाहीं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. गाडीच्या किंमतीच्या मानानें कमानीची किंमत लहान असते. तरी शेतकऱ्याच्या खिशास लहान खर्चहि टोंचतो हें आम्हांस ठाऊक आहे. शिवाय ऑस्ट्रेलियाचा नियम त्या देशांत आधींच वापरांत असलेल्या जुन्या गाड्यांस लागू नाहीं, आणि अशा गाड्या कित्येक वर्षें चालतात. ही त्या नियमांतील खरी उणीव आहे. तिच्यावर न्यू साऊथ वेल्स व व्हिक्टोरिया ह्या प्रांतांनीं उपाय काढला तो असा कीं, जुन्या गाडीस कमान बसविणाऱ्या शेतकऱ्यास सरकारी तिजोरींतून खर्चाचा कांहीं भाग परत दिला. न्यूझीलंडांतहि कमानीकरितां अर्थसाह्य देण्याची योजना निघाली. नवा माल कायद्यानें सुधारावा आणि जुना माल मदतीनें सुधारावा, ही रीत न्याय्य आहे.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा : माझ्या शेतांत मीं काय चालवावें हें सांगणारें सरकार कोण ? ह्या आक्षेपाबद्दल आम्हांस आदर आहे. शेताच्या बांधावर शिपाई उभा करून दंडाच्या पावत्या फाडणारा कायदा आम्हांसहि नको; तो लांच खाण्याचें एक नवें कुरण होईल. पण कमानीचा नियम बांधावर येतच नाहीं. तो कारखान्याच्या व दुकानाच्या दारांत उभा राहतो. खतांत माती मिसळूं नये व बियाणें उगवणारें असावें हे नियम आपण स्वातंत्र्यावरील घाला मानीत नाहीं, उलट ते कडक व्हावे अशी ओरड करतों. यंत्राचाहि न्याय तोच असावा.

अशा नियमांनीं खरोखर माणसें वांचतात काय, ह्याचें उत्तर ट्रॅक्टरच्या इतिहासांत मिळतें. स्वीडन देशानें सन १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर उलटण्यापासून बचाव करणारी चौकट सक्तीची केली आणि पुढें ती जुन्यांवरहि लागू केली. पूर्वीं तेथें दर लाख ट्रॅक्टरांमागें वर्षाला उलटून मरणाऱ्यांची संख्या सुमारें १७ होती. १९९० पर्यंत ती अर्ध्याहूनहि खालीं, म्हणजे ०.३ वर आली. ह्या तीस वर्षांत स्वीडनचे शेतकरी पन्नासपटींहून अधिक शहाणे किंवा सावध झाले असें कोणी म्हणणार नाहीं. माणूस तोच राहिला, यंत्र बदललें.

आतां आपल्या दाराशीं येऊं. आमच्या शेजारच्या गांवीं कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या तोंडीं एक ट्रॅक्टर बांध चढतांना मागच्या मागें उलटला. आम्हीं धांवत गेलों तेव्हां पंचवीस माणसांनीं खांदा लावूनहि तो लवकर हालेना. त्यावर कमान नव्हती. ज्या तरुणाच्या तेराव्यास आम्हीं जेवलों, त्याच्या म्हाताऱ्या बापानें एकच वाक्य उच्चारलें, कीं लोखंडाचे दोन दांडे असते तर पोर राहिला असता. आपल्याकडील जुन्या ट्रॅक्टरांपैकीं पुष्कळांवर आजहि असे दांडे नाहींत, आणि मडगार्डवर दोघेतिघे बसवून ट्रॅक्टर हांकणें ही तर नित्याची गोष्ट आहे.

क्वाड गाडी आपल्या शेतांत अद्याप विशेष आलेली नाहीं. पण ती दुसऱ्या वाटेनें येत आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर व घांटमाथ्यावरील हवा खाण्याच्या ठिकाणीं ती भाड्यानें मिळते. सन २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें कृषिपर्यटनाचें धोरण मंजूर केलें, आणि पाहुण्यांस हुरड्याबरोबर कांहीं मौजहि हवी म्हणून आपल्यापैकींच कोणी शेतकरी उद्यां अशा दोन गाड्या घेऊन शेतांत फेरी आंखील. आपला सन १९८८ चा मोटार वाहन कायदा मुख्यतः रस्त्यावर चालण्याजोग्या वाहनांचा आहे, आणि केवळ बंदिस्त आवारांत वापरण्याच्या खास बनावटीच्या वाहनांना तो आपल्या व्याख्येंतूनच वगळतो. म्हणजे रस्त्यावरील स्कूटरला परवाना, शिरस्त्राण व विमा. आणि वाळूच्या टेकाडावर आठ वर्षांच्या मुलास पुढें बसवून धांवणाऱ्या गाडीस मात्र त्या कायद्याचा लगाम नाहीं, असा विपरीत प्रकार होऊं शकतो.

ह्यास्तव आमचें मत स्पष्ट आहे. ह्या गाड्या आपल्याकडे थोड्या आहेत तोंवरच नियम व्हावा. हजारों झाल्यावर तो करणें कठीण. नियम विकणाऱ्यावर व भाड्यानें देणाऱ्यावर असावा, शेतांत राबणाऱ्यावर नसावा. नव्या गाडीस कमान असावी. ती किती उतारावर उलटते हें मराठींत ठळक लिहिलेलें असावें. भाड्याच्या गाडीवर लहान मुलांस बसविण्याची मनाई असावी. आणि जुन्या ट्रॅक्टरला चौकट बसविणाऱ्यास सरकारनें मदत द्यावी. आपल्या संस्थेनें पुढील वार्षिक सभेंत ह्या आशयाचा ठराव करून तो शेतकी खात्याकडे व परिवहन खात्याकडे पाठवावा अशी सूचना आहे.

परंतु कायदा होईपर्यंत मरण थांबत नाहीं, म्हणून सभासदांस चार गोष्टी विनंतिपूर्वक सांगतों. ज्याच्या शेतांत अशी गाडी असेल त्यानें ती एकट्यानेंच चालवावी, मागेंपुढें कोणास घेऊं नये. अर्धवट भरलेली टांकी घेऊन उतारावर आडवें जाऊं नये. मोठ्या माणसाची गाडी मुलाच्या हातीं, त्यानें कितीहि हट्ट केला तरी, देऊं नये. दूरच्या रानांत जातांना घरीं वाट व परतण्याची वेळ सांगून जावें. आणि पाहुण्यांकरितां गाडी ठेवणारानें आपल्या स्वतःच्या मुलास जेथें बसूं देणार नाहीं तेथें दुसऱ्याच्या मुलास पैसे घेऊन बसवूं नये.

शेतीच्या धंद्यांत जोखीम आहेच. पाऊस, कीड व बाजारभाव ह्यांची जोखीम आपल्या हातीं नाहीं. लोखंडाच्या दोन दांड्यांनीं टळणारी जोखीम मात्र आपल्या हातीं आहे, आणि ती टाळण्यास सरकार कारखानदारास भाग पाडीत असेल, तर त्या एका कामीं शेतकऱ्यानें कपाळास आठी न घालतां सरकारच्या बाजूस उभें राहावें हेंच उचित होय.